नामा भोईरची काळी तार

मला अजून कळत नाही, एवढी सगळी डोळस माणसं एकाच अंगणात राहत होतो आणि कुणालाच कसं दिसलं नाही. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की डोकं सुन्न होतं. सांगते सगळं. फक्त मधे मधे ‘मग काय झालं’ करू नका, मला चिडायला वेळ लागत नाही.

मी उज्वला. माहेर साताऱ्याकडचं, कोरेगावचं. लग्न करून आले ती थेट शिरवण्यात, नामा भोईरच्या चाळीत. आमचे हे तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर. नामाचं घर मागं आणि पुढं भाड्याच्या खोल्यांची रांग, त्यातली एक आमची. नामाचे वडील मिठागरावर राबलेले. शेत सरकारनं नव्या शहरासाठी घेतलं, आलेल्या पैशात म्हाताऱ्यानं खोल्या बांधल्या आणि लवकरच डोळे मिटले. मागं राहिले तिघं. नामा, त्याची आई रंगूबाई आणि बायको सगुणा. मी त्याला नामादादा म्हणायचे, तो मला वहिनी.

नामा आधी लायटिंगवाला. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठं काम, मांडव झगमगलाच पाहिजे. माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ विझायची. मग नामा ती माळ मधोमध धरायचा. खोट या अर्ध्यात की त्या अर्ध्यात? सापडलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. बघता बघता मेलेला दिवा हातात. बोलणं कमी, घाई अजिबात नाही, आणि कुणी मधे तोंड घातलं तर नुसता हात वर करायचा, थांबा म्हणून. उंच, सावळा, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. सासू-सुनेचं वाजलं की मात्र या बाबाची वाचा बसायची. तिथं काय अर्धं करणार?

जमीन गेलेल्यांना कारखान्यांत नोकऱ्या मिळायच्या, तशी त्याला आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मिळाली. आमच्या म्हणजे, मीही तिथंच ऑफिसात होते, टायपिंगला. शहाण्णव साली शेठनं कॉम्प्युटर आणले. तीन ऑफिसात आणि एक गावातल्या गोडाउनला, सगळे एका काळ्या तारेनं जोडलेले. म्हणजे गोडाउनमधून किती माल गेला ते आम्हाला इथं बसून दिसणार. अंधेरीहून एक इंजिनिअर आला, दोन दिवस राहिला, नामाच्या हातात मीटर, तारेची टोकं आवळायची पक्कड आणि एक इंग्रजी पुस्तक दिलं आणि गेला. ‘आता हे तुझं बाळ’ म्हणाला.

नामानं ते बाळ खरंच अंगाखांद्यावर वाढवलं. मला एकदा त्यानं समजावून सांगितलं होतं. तारेच्या दोन्ही टोकांना एकेक पितळी टोपी असते. टोपी नसेल तर सगळे कॉम्प्युटर मुके. मधे कुठंही मीटर लावला तर पंचवीसचा आकडा यायला हवा. पन्नास आला की समजायचं, एका बाजूची तार कुठंतरी तुटली. एवढंच. मी म्हटलं, ‘नामादादा, माणसांना पण असा मीटर लावता आला असता तर?’ तो हसला होता.

गावातून तार न्यायची तर एकेक घरवाला आडवा पडला. आमच्या भिंतीला खिळा नको, आमच्या कौलावरून नको. शेवटी नामा म्हणाला, ‘माज्या घराच्या मागशीन न्या, मना कोन इचारनार?’ तशी ती कारखान्याच्या भिंतीवरून, त्याच्या मागच्या अंगणातून, शेवग्याला वळसा घालून गोडाउनला गेली. एक भेंडोळं अंगणातच संपलं, म्हणून तिथं त्यानं दुसरं जोडलं. जोडावर चिकटपट्टी गुंडाळली. घरात बजावून सांगितलं, ‘कंपनीची तार हाय, तोडू नका.’ कुणी तोडली नाही, हे खरंय.

आता सगुणा. बाई गं, काय सांगू तिच्याबद्दल. करंजाड्याची पोर, पनवेलपलीकडची. हसली की गालाला खळी. पहिली दोन वर्षं घर नुसतं दणाणून सोडायची, पाण्याला गेली तरी गात जायची. आणि मग हळूहळू तिला काहीतरी व्हायला लागलं. सकाळी कपडे वाळत घालताना हाताला मुंग्या यायच्या, कोपरापर्यंत. छातीत धडधडायचं. एकदा हातातला ओला पिळा सोडून किंचाळली, एकदा तर बादलीसकट मागं पडली आणि डोक्याला खोक पडली. मागच्या अंगणात आम्ही भाडेकरू कधी जात नसू, ते घरच्यांचं. आमच्या कानावर फक्त आवाज यायचा.

तिनं लपवलं नाही हो. सासूला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, मला नळावर सांगितलं, ‘वयनी, कपडे वालत घालताना मना असा व्हतंय.’ मी म्हटलं अशक्तपणा असेल, खजूर खा. नेरूळच्या डॉक्टरनं ताकदीची इंजेक्शनं दिली. कपडे तर रोजच वाळत घालायचे, मग इंजेक्शनानं काय होणार? पण त्या वेळी हे सुचतंय कुणाला.

रंगूबाईला मात्र सगळं सुचत होतं. ‘हिच्या अंगान काय तरी हाय,’ ती म्हणायची. ‘करंजाड्याशी खाडीवरशीन आनलाय.’ भगताकडं नेलं. त्यानं तांदूळ टाकले, नारळ फोडला, कोंबडा घेतला आणि सांगितलं, ‘माहेरचं आहे, माहेरी गेल्याशिवाय सुटायचं नाही.’ झालं. म्हातारीला तेवढंच हवं होतं. लग्नाला तीन वर्षं, अजून पाळणा हलला नव्हता. ‘बरी होईपर्यंत जाऊ दे माहेरी’ असं ठरलं. बरी होईपर्यंत म्हणजे कधीच नाही, हे चाळीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. रंगूबाईनं दिवाळे गावात नामासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती. बरं, हे तिनं चोरून केलं नव्हतं. पाटावर बसून सुपारी कातरत सगळ्यांना सांगत होती.

मी नामाला कारखान्यात गाठलं. ‘नामादादा, तुम्ही पाठवताय तिला?’ तो पक्कड पुसत राहिला. म्हणाला, ‘वयनी, मी काय करू? डॉक्टर झाला, भगत झाला. हात लावला की थरथरतंय ती. माजी आई खोटा नाय बोलत.’ त्याचे डोळे भरले होते, हेही सांगते. जीव होता त्याचा तिच्यावर. पण जीव असून काय उपयोग, माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडावर म्हटलं, ‘तुमच्या तारेसाठी जेवढी वणवण करता, त्याच्या चार आणे बायकोसाठी करा.’ त्यानं हात वर केला, थांबा म्हणून.

तारेसाठी वणवण कारण तारही आजारी पडली होती. गोडाउनचा कॉम्प्युटर सकाळी धडपणे चालू व्हायचा आणि मग अचानक मुका. तिथला बंडू फोनवरून ओरडायचा. नामा धावायचा, मीटर लावेपर्यंत दुपार व्हायची, तर आकडा पंचवीस. सगळं ठणठणीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मंगळवारी नाही, बुधवारी आहे, पावसात नाही, उन्हात आहे. सगळे कॉम्प्युटर बंद करून नामानं टोप्या बदलल्या, टोकं कापून नवी आवळली. शेठ म्हणाला, ‘नामा, तुझ्या तारेला पण भगताकडं ने.’ ऑफिस हसलं. नामा नाही हसला.

आमच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारची. सगुणाचा भाऊ कान्हा तिला न्यायला त्याच शुक्रवारी येणार होता. आणि याच माणसानं तोच दिवस निवडला तार तपासायला. मला म्हणतो, ‘वयनी, सुट्टीला कोन मधी येनार नाय, तुमी ऑफिसात बसा, मी सांगेन ती बटनं दाबा.’ मी म्हटलं, बायको घर सोडून चाललीय आणि तुम्ही तारा तपासताय? तो म्हणाला, ‘घरान बसून बगवनार नाय मना.’ कपाळाला हात लावला आणि गेले.

बंडूला गोडाउनचा कॉम्प्युटर चालू करून बसवलं होतं. सकाळी सगळं ठीक. नामा मीटर लावून नुसता आकड्याकडं बघत उभा. पंचवीस, पंचवीस, पंचवीस. मला जांभया यायला लागल्या. आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा हलला. तीस झाला, थरथरला, परत पंचवीस, आणि एकदम पन्नास. गोडाउन गेलं. नामा म्हणाला, ‘आत्ता. आत्ता तुटली.’ मीटर काढला आणि निघाला तारेमागं. मीही पदर खोचून मागं. म्हटलं, बघू तरी ही भुताटकी.

भिंतीपर्यंत तार सरळ. गल्लीत सरळ. आणि त्याच्या घराच्या मागं वळलो तर आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो.

सगुणानं गोधड्या धुतल्या होत्या. माहेरी जायचं म्हणून घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतली होती तिनं, जाताना घर स्वच्छ असावं म्हणून. आणि त्या ओल्या, मणामणाच्या गोधड्या एकापुढं एक त्या काळ्या तारेवर टाकल्या होत्या. तार पार पोटाशी आली होती, मधला जोड ताणून ताणून आतली तार मागं सरकलेली. चौथी गोधडी खांद्यावर घेऊन ती ओल्या जमिनीवर अनवाणी उभी होती. पुढच्या दोरीवर आम्हा भाडेकरूंचे कपडे, म्हणून तिनं वर्षापूर्वी ही मागची दोरी धरली होती. तिच्या लेखी ती दोरीच. चांगली, घट्ट, गंज न चढणारी. नामा घरातून लवकर निघायचा, सुट्टीलाही कुणाच्या तरी मांडवाच्या लायटिंगला, यायचा तेव्हा कपडे वाळून घडी होऊन पेटीत गेलेले असायचे. त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं.

माझं पहिलं काय झालं सांगू? मला हसू आलं. इतके महिने कंपनीची झोप उडाली आणि खोट काय, तर याच्याच घरची धुणी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नामाच्याही चेहऱ्यावर हसू येऊ लागलं होतं. ‘अगं, ही दोरी नाय,’ म्हणत तो पुढं झाला आणि गोधड्या बाजूला सारून त्यानं तो जोड हातात घेतला.

हात झटकून तो दोन पावलं मागं फेकला गेला. चिकटपट्टी उन्हानं कधीच गळून पडली होती, जोडाचं पितळ उघडं होतं. नामा आपल्या हाताकडं बघत राहिला. मग जोडाकडं. मग सगुणाकडं.  त्यानं मीटरचा खटका फिरवला, एक टोक जोडाला लावलं आणि दुसरं नळाच्या लोखंडी पाइपाला. मी खांद्यावरून वाकून बघितलं. एकशे साठ. मला त्या आकड्याचा अर्थ कळत नव्हता, पण त्यानं सगुणाला तारेपासून लांब सारलं, तेव्हा कळला. 

‘या तारंन करंट नसतंय,’ तो पुटपुटला. ‘ही कॉम्प्युटरची तार हाय. हिच्यान करंट नसतंय.’

गोडाउनकडं आम्ही अक्षरशः पळालो. आणि तिथं सगळा उलगडा झाला. पुस्तकात लिहिलेलं की तारेच्या एका टोकाला अर्थिंग द्या, म्हणून नामानं गोडाउनच्या टोकाच्या टोपीची साखळी कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला स्क्रूनं आवळली होती. डब्यातून पिनेत, पिनेतून जमिनीत, असा त्याचा हिशेब. पण बंडूच्या बोर्डाला भोकं दोनच होती, म्हणून बंडूनं प्लगची तिसरी पिन पकडीनं उपटून टाकली होती. जमीनच नाही. खाली स्टॅबिलायझर ओल धरून बसलेला, त्याचा करंट डब्यात, डब्यातून साखळीत, साखळीतून तारेच्या सालीखालच्या जाळीत, जाळीतून जोडाच्या उघड्या पितळात आणि तिथून थेट सगुणाच्या ओल्या हातात.

नामानं विचारलं, ‘बंडू, तुला कदी झटका नाय बसला?’

बंडू काय म्हणाला ऐका. ‘बसतो की. रोज बसतो. म्हणून तर मी चप्पल काढत नाही. मला वाटलं कॉम्प्युटर थोडा करंट मारतोच, नवीन मशीन आहे.’

थोडा करंट मारतोच. माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. वर्षभर हा माणूस चप्पल घालून बसला आणि कुणाला सांगावंसं वाटलं नाही. एका फाटक्या चपलेनं हा वाचला आणि तिकडं एका बाईच्या अंगात खाडीवरचं भूत घुसलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या स्टॅबिलायझरनं एखाद्या दिवशी जोर धरला असता तर सगुणा त्या तारेलाच चिकटून राहिली असती, आणि भगतानं म्हटलं असतं, बघा, मी सांगितलं नव्हतं?

नामानं प्लग उपटला आणि आम्ही परत आलो तेव्हा कान्हा आलेला. ओट्यावर चहा घेत बसला होता. सगुणाचं बोचकं दाराशी. रंगूबाई सुपारी कातरत होती. नामा सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याला आईशी असं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

‘आई, हिच्या अंगान काय नाय. माज्या तारंन करंट व्हता. मी लावलेली तार. मना पन बसला आत्ता.’

रंगूबाईला आधी पटेना. ‘करंट असता त मना नाय बसला कवा?’ ती म्हणाली. कसा बसणार? तीन वर्षांत या बाईनं एक रुमाल वाळत घातला असेल तर शपथ. नामानं तिला हे तोंडावर सांगितलं. सगळं सांगितलं, साखळी, पिन, स्टॅबिलायझर, बंडूची चप्पल. म्हातारीच्या हातातला अडकित्ता हळूहळू खाली गेला.  शेवटी रंगूबाई उठली, सुनेचं बोचकं उचललं आणि आत नेऊ लागली. माफी वगैरे तिच्या तोंडून यायची नव्हती, पण तेवढं तिनं केलं. मला वाटलं, सुटली पोर. देवाला हात जोडले मी.

सगुणानं सासूच्या हातातलं बोचकं काढून घेतलं.

‘ठेव ग आत,’ नामा म्हणाला. ‘झाला ना आता. समजला ना सगल्यांना.’

ती त्याच्याकडं बघत होती. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या बाईची समजूत काढता येते.

‘मी वरीसभर बोलतंय,’ ती म्हणाली, ‘कपडे वालत घालताना व्हतंय. तुमाला बोलले, आईंना बोलले, डॉक्टरला बोलले. कनच्या दोरीवर घालतंस, एवढा कुनी इचारला नाय. आज मीटर बोलला, तवा तुमी आयकला.’

 नामानं हात पुढं केला, बोचकं घ्यायला. तिनं दिलं नाही.

कान्हा बिचारा गोंधळून गेला. ‘ताई, आता कशाला? आता त ते ठेवतान तुला.’

‘सकालपासून हे मना धाडत व्हते,’ सगुणा म्हणाली. ‘आता हे मना ठेवतान. मी जातंय.’

ती चपला घालून निघाली. रंगूबाई ओट्याच्या कडेला येऊन, ‘अगो सगुना, अगो पोरी’ करत राहिली. मी साताऱ्याकडची, भांडणात कुणाला ऐकत नाही, पण त्या वेळी तिला थांब म्हणायला माझीही जीभ उचलली नाही. काय सांगून थांबवणार होते? नामा गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्यामागं गेला, चार पावलांचं अंतर ठेवून, आणि कान्हानं हात केलेल्या रिक्षात ती बसली. रिक्षा शिरवण्याच्या फाट्याला वळली आणि पनवेलच्या रस्त्याला लागली.